तिसरी खुर्ची कुठं आहे?

(सुपे, तालुका बारामती इथं तरुण कार्यकर्त्यांपुढं केलेलं भाषण)



मला बोलावणाऱ्या पोरांनी पत्रकावर विषय छापलाय : ‘वस्त्रोद्योगातील नवनिर्मितीसाठी विद्यापीठ आणि उद्योग यांची भागीदारी’. वाचताना जीभ दोनदा अडखळली. मी मॅट्रिक शिकलेला, मुंबईच्या गोदीत बोजे उचलणारा माणूस. कविता लिहितो म्हणून पोरांना वाटलं, हा बोलेल काहीतरी. प्राध्यापकाला बोलावलं असतं तर त्यानं आकडे दिले असते. कारखानदाराला बोलावलं असतं तर त्यानं स्वप्न दिलं असतं. मी प्रश्न घेऊन आलोय, तोही एकच. भागीदारी म्हटली की दोन खुर्च्या मांडतात. एकीवर विद्यापीठ बसतं, दुसरीवर मालक. मधे टेबल, टेबलावर करार, आणि करारावर सही करताना फोटो. ज्याच्या हातातून ते कापड निघणार, त्याची खुर्ची कुठं आहे?

काही जण म्हणतील, हा विषय आपला नाही. आपले प्रश्न अत्याचाराचे, जमिनीचे, राखीव जागांचे. खरंय. पण उद्या तुमची बहीण शिलाईच्या मशीनवर बसणार आहे आणि ते मशीन कसं असावं हे आज कुठल्यातरी प्रयोगशाळेत ठरतंय. ते ठरवणाऱ्यांत आपण नसलो, तर राखीव जागा शेवटी झाडूवरच मिळते. म्हणून हा विषय आपलाच आहे.

सुरुवात याच गावापासून करतो. पारनेरचं सुपा वेगळं. मी बोलतोय ते या सुप्याबद्दल, जे तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं. १२ मे १८७५. बाजारपेठेचं गाव. आसपासच्या खेड्यांतले शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांकडे वह्या आणि कर्जरोखे मागितले. वह्या जाळल्या, धान्याची दुकानं लुटली, काही सावकारांची घरंही पेटली. आग इथून नगर जिल्ह्यापर्यंत गेली. तीसहून जास्त गावं उठली. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. २०२५ साली या गोष्टीला दीडशे वर्षं झाली.

आता ध्यानात घ्या, या आगीच्या मुळाशी कापूस होता. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. ब्रिटनच्या गिरण्यांना अमेरिकेतून १८६१ साली वीस लाखांहून जास्त गाठी मिळाल्या होत्या, १८६२ साली जेमतेम पंचावन्न हजार. मँचेस्टरची चाकं थांबायला लागली. मग मुंबईच्या व्यापाऱ्यानं शहरातल्या सावकाराला पैसा दिला, त्यानं गावच्या सावकाराला, आणि गावच्या सावकारानं शेतकऱ्याला. कापूस लाव, एकराला शंभर रुपये उचल घे. १८६५ ला युद्ध संपलं. भाव पडले, उचल बंद झाली, आणि नेमका त्याच वेळी सरकारनं शेतसारा पन्नास ते शंभर टक्के वाढवला. शेतकऱ्याच्या हातात राहिला तो रोखा. रोख्यावर काय लिहिलंय ते त्याला वाचता येत नव्हतं. अंगठा मात्र त्याचा होता.

तीही भागीदारीच होती. मँचेस्टर, मुंबई, सावकार, सरकार. सगळे भागीदार हिशेबात होते. फक्त अंगठा देणारा हिशेबात नव्हता. दंगलीनंतर सरकारनं आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खन शेतकरी कायदा केला. त्यात एक साधी गोष्ट होती : शेतकऱ्याचा दस्तऐवज गावच्या निबंधकासमोर लिहिला गेला पाहिजे. म्हणजे गोऱ्या सरकारलासुद्धा कळलं की ज्याला कागद वाचता येत नाही त्याच्यासाठी कागदाजवळ आणखी कुणी उभं राहिलं पाहिजे. ही गोष्ट लक्षात ठेवा. शेवटी मी तिथंच येणार आहे.

आता मुंबईला चला. विद्या आणि गिरणी यांची भागीदारी ही काल-परवाची फॅशन नव्हे. मुंबईत पहिली कापडगिरणी १८५४ साली स्थापन झाली. १८८७ साली भायखळ्याला व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट उभी राहिली, म्हणजे आजची माटुंग्याची व्हीजेटीआय. तिला देणगी देणाऱ्यांत गिरणीमालक सर दिनशा पेटिट ठळक होते आणि कापडनिर्मितीचं शिक्षण तिथं सुरुवातीपासून होतं. १९३३ साली मुंबई विद्यापीठानं रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग काढला, त्यात कापडाचं रसायनशास्त्र होतं, म्हणजे रंगाई, छपाई, धुलाई. १९४७ साली अहमदाबादेत ‘अटिरा’, १९५४ साली मुंबईत ‘बिट्रा’. या गिरणीवाल्यांनी मिळून काढलेल्या संशोधन संस्था. १९८२ साली इचलकरंजीत डीकेटीईचं कॉलेज निघालं. पहिला यंत्रमाग १९०४ साली आला ते हे गाव. मागाच्या खडखडाटाशेजारीच वर्ग भरायला लागला.

या संस्थांनी काम केलं नाही असं मी म्हणत नाही. सूत सुधारलं, रंग पक्के झाले, उत्पादन वाढलं. पण व्हीजेटीआयच्या तीन वर्षं आधीचा दुसरा एक कागद बघा. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. मागण्या काय? आठवड्याला एक सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. पगार वेळेवर. कामावर जखमी झालेल्याला भरपाई. रविवारची सुट्टी मिळायला १८९० साल उजाडलं. माझ्या मते गिरणगावातलं सर्वांत मोठं संशोधन हे होतं : माणसाला दमायला होतं, हा शोध. तो लागला कामगाराच्या पायाला, कुठल्याही प्रयोगशाळेत नव्हे.

आणि आता मुख्य गोष्ट. मी बोलायला उभा राहिलो तो हिच्यासाठी. धोट्याची गोष्ट.

साध्या मागावर विणकर धोट्यात सुताची कांडी बसवतो. कांडी संपली की नवी. सुताचं टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढायचं. हातानं ते निघत नाही लवकर. मग विणकर भोकाला तोंड लावायचा आणि श्वास आत ओढायचा. सूत बाहेर यायचं. दिवसातून कितीतरी वेळा, पाळी बदलली की दुसऱ्या माणसाचं तोंड त्याच धोट्याला. आता आला जातीचा प्रश्न. सवर्ण विणकर म्हणाले, ज्या धोट्याला महाराचं तोंड लागलं त्याला आम्ही तोंड लावणार नाही. झालं. विणाई खात्याचं दार अस्पृश्यांना बंद. आणि विणाई खात्यातच पगार जास्त. आमच्या लोकांना सूतकताईचं खातं, धुळीचं, कमी मजुरीचं. गिरणीचं यंत्र इंग्लंडहून आलं, पण त्याच्या भोकात मनू बसला होता.

याला सोवळ्याची सबब म्हणा, पोटाचं राजकारण म्हणा, दोन्ही होतं. गंमत बघा, विदर्भात महार माणूस पिढ्यान् पिढ्या जाडंभरडं कापड विणत आला होता. माग त्याला नवा नव्हता. मुंबईच्या गिरणीत मात्र त्यानं मागाला हात लावायचा नाही!

१९२८ साली मुंबईत एप्रिल ते ऑक्टोबर गिरण्यांचा मोठा संप झाला. संपाच्या मागण्यांमध्ये विणाई खात्याच्या बंद दाराचा उल्लेख नव्हता. लाल बावटावाल्या पुढाऱ्यांना क्रांती दिसत होती, धोटा दिसत नव्हता. बाबासाहेबांनी त्यांना सुनावलं, सगळ्या खात्यांत अस्पृश्य कामगारांना काम मिळालं पाहिजे ही मागणी घ्या, नाहीतर आमचे लोक संपात राहणार नाहीत. तेव्हा कुठं कुरकुरत ती मागणी आत घेतली गेली.

आता विद्यापीठवाल्यांसाठी या गोष्टीचा दुसरा भाग. तोंडानं सूत ओढायची गरजच नसलेला धोटा जगात होता! अमेरिकेत नॉर्थ्रॉपचा स्वयंचलित माग १८९० च्या दशकातच आला, त्यात धोटा आपोआप ओवला जायचा. मॅसॅच्युसेट्स राज्यानं १९११ साली तोंडाचा धोटा कायद्यानं बंद केला, कारण त्यातून रोग पसरत होते. म्हणजे बाबासाहेबांनी मागणी केली त्याच्या सतरा वर्षं आधी उपाय कायद्यात आला होता. एक छोटी सुधारणा. धोट्याच्या तोंडाला एक खाच. तिनं जात मेली नसती, मला ठाऊक आहे. जात दुसरी सबब शोधते. पण ही एक सबब तरी तुटली असती आणि सगळ्या जातींच्या विणकरांची छातीही वाचली असती.

मग मुंबईत ही मागणी कुणी का केली नाही? मालकाला जुना धोटा चालत होता. विणकराला जात राखायला तो उपयोगी होता. प्रयोगशाळेला कुणी विचारलं नाही. ज्याला त्या खाचेची गरज होती तो विणाई खात्याच्या दाराबाहेर उभा होता. दोस्तांनो, नवनिर्मिती बुद्धी कमी पडल्यामुळं अडत नाही. विचारणारा टेबलापाशी नसतो म्हणून ती अडते.

कुणी म्हणेल, कामगाराला विचारून यंत्रं सुधारत नसतात. तर दोन उदाहरणं देतो. पहिलं अहमदाबादचं. १९५३ साली कॅलिको मिलमध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचा संशोधक ए. के. राइस आला. नवे स्वयंचलित माग बसवले होते, पण उत्पादन काही वाढत नव्हतं. कामाचे इतके तुकडे पाडले होते की कोण कुणाबरोबर काम करतोय हेच कळत नव्हतं. राइसनं सुचवलं, थोडे माग आणि एक छोटी टोळी, टोळीनं मिळून ते माग सांभाळायचे. ही कल्पना कामगारांनी स्वतः उचलली, टोळ्या स्वतः जुळवल्या. उत्पादन वाढलं, खराब कापड कमी झालं. माग तेच, माणसं तीच. बदलला तो फक्त अधिकार.

दुसरं उदाहरण अमेरिकेच्या कॅरोलिना भागातलं. कापसाच्या धुळीनं फुप्फुस धरतं, त्याला बिसिनोसिस म्हणतात. सुट्टीनंतर सोमवारी कामावर आलं की छाती आवळते. तिथल्या कामगारांनी ‘ब्राउन लंग’ या नावानं संघटना केली, सरकारला १९७८ साली धुळीची मर्यादा ठरवावी लागली. मालक कोर्टात गेले, १९८१ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं मर्यादा कायम केली. धूळ कमी करायची म्हणून गिरण्यांनी नवी यंत्रं आणली. त्या रोगाचं प्रमाण घसरलं आणि उत्पादकताही वाढली. म्हणजे कामगाराच्या खोकल्यानं यंत्र सुधारलं. आपल्याकडं किती फुप्फुसं गिरणगावात खोकून संपली, आणि १९८२ च्या संपानंतर गिरण्याच संपल्या. जमिनीवर मॉल उभे राहिले. तिथं काच पुसायला आपलीच पोरं आहेत.

आता माझ्या धंद्याचं सांगतो, कारण कापड माझ्याही पाठीशी बोलतं. आमच्या आधीच्या पिढीनं गोदीत शंभर किलोची साखरेची गोणी पाठीवर वाहिली. कापसाच्या गाठीचं वजन एकशे सत्तर किलो, तिला हूक लावून लोळवायची. मग जंबो बॅग आली. प्लॅस्टिकच्या पट्ट्या विणून केलेली पिशवी, टनभर माल मावतो, चार कान असतात, क्रेन कानाला धरून उचलते. ही पिशवी म्हणजे तांत्रिक वस्त्रोद्योगच. पत्रकावरच्या विषयातली नवनिर्मिती माझ्या डोक्यावरून रोज लटकत जाते. तिनं माझी पाठ वाचवली, खरं सांगतो. आणि तिनंच माझी हजेरी खाल्ली, हेही खरं. जिथं मोठी टोळी लागायची तिथं चौघं पुरतात. मुकादम म्हणतो, उद्या बघू. वाचलेल्या पाठीचा फायदा मला, आणि वाचलेल्या मजुरीचा फायदा? तो कुठं गेला हे मला कुणी सांगितलं नाही, कारण पिशवी ठरली तेव्हा आमच्यातला कुणी तिथं नव्हता.

म्हणून माझं म्हणणं यंत्राविरुद्ध नाही. बाबासाहेबही यंत्राचे वैरी नव्हते. चरख्याच्या अर्थशास्त्रावर त्यांनी १९४५ च्या ग्रंथात कडक टीका केली. यंत्रानं माणसाला फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय माणूस जनावरासारखा जगतो, अशी त्यांची मांडणी होती. प्रश्न एवढाच की फुरसत कुणाला मिळणार आणि बेकारी कुणाला.

आजची परिस्थिती बघा. केंद्रानं २००५ साली एकात्मिक वस्त्रोद्योग पार्कची योजना आणली. प्रकल्पखर्चाच्या चाळीस टक्के, चाळीस कोटींपर्यंत, सरकारी मदत. बारामतीच्या एमआयडीसीतलं हायटेक टेक्स्टाइल पार्क याच योजनेतलं. खेड्यापाड्यांतल्या बाया तिथं शिलाईला जातात. बागायत पट्ट्याला कालवा आहे. सुप्याच्या जिराईत पट्ट्यात पाऊस दगा देतो, तिथल्या बाईला हा रोजगार मोलाचा. त्याला मी नाक मुरडणार नाही. पुढं २०२० साली राष्ट्रीय तांत्रिक वस्त्रोद्योग मिशन आलं, एक हजार चारशे ऐंशी कोटींचं. २०२३ साली राज्याचं नवं वस्त्रोद्योग धोरण आलं. पैसा आहे, आणि तो जनतेचा आहे. तुमच्या काडेपेटीवरच्या करातला आहे.

हा पैसा आणि ही विद्या कशी धावते ते आपण कोरोनात पाहिलं. २०२० च्या सुरुवातीला अंगभर झाकणारा संरक्षक सूट या देशात जवळजवळ बनतच नव्हता. मार्च ते मे, एवढ्या काळात कोइमतूरच्या ‘सिट्रा’सारख्या प्रयोगशाळा कापड तपासायला लागल्या, कारखाने शिवायला लागले, आणि रोज लाखोंनी सूट तयार व्हायला लागले. शाब्बास. मनात आणलं तर दोन महिन्यांत होतं. मग गटारात उतरणाऱ्यासाठी का झालं नाही? त्याला उतरवायला बंदी करणारा कायदा २०१३ चा आहे. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानं गटारात मेलेल्याच्या घरच्यांना तीस लाख भरपाई ठरवली. मरणाची किंमत वाढली, मरण चालूच. आणि नीट ऐका, आम्हाला चांगला सूट मागायचाच नाही. गटारात माणूस उतरणं बंद करणारं यंत्र पाहिजे. खुर्चीवर आपला माणूस नसेल तर प्रयोगशाळा फार तर सुंदर सूट शिवून देईल आणि बक्षीस घेईल. प्रश्न कोण विचारतो यावर उत्तर ठरतं.

तर तिसरी खुर्ची. ही माझी कल्पना नाही. ऑगस्ट १९४२ मध्ये दिल्लीत सरकार, मालक आणि कामगार अशी त्रिपक्षीय परिषद भरली. अध्यक्ष होते मजूरमंत्री डॉ. आंबेडकर. कामगार मागणी करायला दारात उभा राहणार नाही, बोलायला टेबलापाशी बसेल, ही रीत तिथं पडली. विद्यापीठ आणि उद्योगाच्या करारालाही हीच रीत लावा.

पहिली गोष्ट. करार मराठीत लिहा, कारखान्याच्या गेटवर लावा, वाचून दाखवा. १८७९ साली जमलं, आज का जमू नये?

दुसरी. संशोधनाचे विषय ठरवताना मशीनवर बसणारे लोक घ्या, आणि शिलाईच्या धंद्यात त्यात निम्म्या तरी बाया. खुर्चीची उंची, पाठीचा कणा, सुई बोटात जाणं, धूळ, लघवीला जायची वेळ. हे विषय हलके नाहीत. धोटाही हलकाच वाटला होता.

तिसरी. नवं यंत्र बसण्याआधी लिहून द्या की किती हात मोकळे होणार आणि त्या हातांचं पुढं काय करणार. वाचलेल्या मजुरीतला वाटा शिक्षणात आणि पगारात दिसला पाहिजे.

चौथी. प्रयोगशाळेचं दार खालूनही उघडा. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यात अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांसाठी जागा राखायची तरतूद आहे, ती भरा. आणि पाळी संपवून येणाऱ्यांसाठी वर्ग काढा. बाबासाहेबांनी १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज काढलं तेव्हा नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. विद्यापीठ आणि कामगार यांची खरी भागीदारी तिला म्हणतात.

शेवटचं, शहरातल्या पोरांसाठी. तुमच्यातले काही जण वसतिगृहात राहून इंजिनियरिंग शिकताहेत. तुमच्या खोलीच्या खाली विद्यापीठाचं कार्यालय आहे. सरकारी विद्यापीठानं कुठल्या उद्योगाशी काय करार केला, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आणि एक कोरा कागद. विचारा : करारात कामगाराचा शब्द कितीदा येतो? यंत्राचा फायदा कुणाला? उत्तर आलं की ते कारखान्याच्या गेटवर घेऊन या, आपण मिळून वाचू. नाही आलं, तर अपील करा. पुन्हा नाही आलं, तर आपण शंभर जण मिळून जाऊ.

या गावातल्या माणसांनी दीडशे वर्षांपूर्वी कागद जाळले, कारण ते वाचता येत नव्हते. आपल्याला वाचता येतात. बाबासाहेबांनी ती सोय करून ठेवलीय. म्हणून कागद जाळायचा नाही, मागायचा. वाचायचा. आणि त्यावर आपली सही असल्याशिवाय तो पुरा झाला असं कुणाला म्हणू द्यायचं नाही.

जय भीम.